छत्तीस इंची शेगडी

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे. तुमच्याकडे फोन आधी तुमचा मुलगा उचलतो, मग तो सुनेकडे जातो, मग टीव्हीचा आवाज कमी होतो आणि मग तुम्ही येता. तेवढ्यात मला काय सांगायचं होतं तेच माझ्या डोक्यातून जातं. शिवाय ही बातमी तुम्हाला एकटीला आणि सलग सांगायची आहे. मध्ये "अगं पण" म्हणायला जागा ठेवायची नाही.

मी स्वयंपाकघर पाडते आहे.

सगळं घर नव्हे, घाबरू नका. ओटा, त्याखालची कपाटं, भिंतीवरच्या तेलकट फळ्या, एवढंच. गवंडी ठरला आहे, सोमवारी येतोय. घराच्या कागदावर एक नाव तुमचं आणि दुसरं तुमच्या भावाचं, म्हणजे आता माझं. म्हणून कळवते आहे. विचारत नाहीये.

कारणही ऐका. तो ओटा सासूबाईंच्या उंचीचा आहे. त्या होत्या चार फूट दहा इंच आणि मी पाच फूट आठ. तुम्हीच लग्नात माझं नाव 'शिडी' ठेवलंत आणि अजून तेच चालवता. ही शिडी पस्तीस वर्षं त्या ओट्यापुढे कमरेत वाकून उभी आहे. मी शिवणकाम करणारी बाई. एखादीची बाही अर्धा इंच आखूड झाली तर उसवून पुन्हा लावली, पण तशी घालून कुणाला घरी जाऊ दिलं नाही. आणि स्वतः मात्र जन्मभर दुसऱ्या बाईच्या मापाच्या स्वयंपाकघरात राबले. ह्यांना दोनदा म्हटलं होतं. "आई आहे तोवर राहू दे," म्हणाले. सासूबाई गेल्या, तर "आईची आठवण आहे, राहू दे." मग हेही गेले. आता राहू दे म्हणणारं घरात कुणी उरलेलं नाही.

आता दुसरी बातमी. बाजारामागे एक गोदाम आहे. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान तिथे येतं, आणि रंगाचा कंटाळा आला म्हणून श्रीमंतांनी काढून टाकलेलंही. गोदाम चालवणाऱ्या बाईला सगळे वकीलीण म्हणतात, कारण तिच्यापुढे कुणाला बोलताच येत नाही. तिच्याकडे मी सहा बर्नरची शेगडी पाहिली आहे. अंगभर पोलाद, खाली ओव्हन, आणि पायांना पेच, म्हणजे उंची आपल्याला हवी तेवढी करून घ्यायची. अशी नवी घ्यायची तर मला अजून दोन जन्म मशीनवर बसावं लागलं असतं. कुणाची तरी वापरून झाली म्हणून माझ्या आवाक्यात आली.

मुलाला सांगितलं आहे. त्याची काही हरकत नाही.

तुमची,
शिडी

१३ फेब्रुवारी

शिडीबाई,

तुझं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. म्हटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं आलं असेल. पण अक्षर तुझंच, आणि उद्धटपणाही तुझाच.

आईचा ओटा पाडतेस? त्या ओट्यावर बसून मी बाराखडी गिरवली. त्याच्या कडेवर आपटून माझा पहिला दात पडला. आई सकाळी तो धुवायची तेव्हा त्यात आपला चेहरा दिसायचा. तुझी कंबर दुखत होती तर खाली बसून स्वयंपाक करायची सोय करायची, औषध लावायचं. माणसं ओटे पाडत सुटत नाहीत.

आणि घ्यायचंच तर सरळ नवं घे. कुणाकुणाच्या हातचं, कुठल्या हॉटेलातलं, त्यावर काय काय उतू गेलं असेल देव जाणे. आपल्या घरात दुसऱ्याची उतरलेली वस्तू कधी आली नाही. आणि बासष्टाव्या वर्षी सहा बर्नर कशाला गं? एकावर चहा, एकावर भात. उरलेल्या चारांवर काय, तुझा हट्ट शिजवणार?

आता मुद्द्याचं. काल तुझ्या मुलाचा फोन आला होता. मी सहज विचारलं, ओटा पाडून झाला का? तर तो म्हणतो, "कसला ओटा, आत्या?" मी घाईघाईनं विषय बदलला. खोटं बोलायचं असेल तर निदान मला आधी सांगून ठेवत जा. मी तुझी बाजू सांभाळून घेतली असती की नसती हा भाग वेगळा.

तो तुला तिकडे राहायला बोलावतो, त्यात त्याचं तरी काय चुकतंय? त्याच्या घरात तुझ्यासाठी खोली रिकामी आहे. लेकाकडे जायचं, आरामात राहायचं. माझ्याकडे बघ. सकाळी सातला चहा हातात. बाराला ताट समोर. चारला पुन्हा चहा. स्वयंपाकघरात पाऊल टाकावं लागत नाही. या वयात आणखी काय हवं असतं बाईला?

सोमवार गेला. तू त्या गवंड्याला परत पाठवला असशील अशी आशा करते.

तुझी,
वन्सं

२४ फेब्रुवारी

वन्सं,

बरं, खोटं बोलले. आता खरं सांगितलं आहे. चिरंजीव फोनवर म्हणाले, "आई, आपण बोलू या." त्याच्या तोंडी 'बोलू या' म्हणजे तो बोलणार आणि मी मान हलवणार. मी म्हटलं, हातात सिमेंट आहे, नंतर कर.

ओटा पाडला. गवंड्यानं हातोडा उचलला तेव्हा मी म्हटलं, थांब, पहिला घाव माझा. घातला. कपचीसुद्धा उडाली नाही, माझा हात मात्र खांद्यापर्यंत झिणझिणला. सासूबाई पक्क्याच होत्या. दुसरा घातला, तिसरा घातला. अकराव्या घावाला कोपरा निघाला. रडू आलं का विचाराल, तर आलं. पण हातोडा खाली ठेवला नाही. तुम्हाला वाईट वाटलं ते समजतं मला. तुमचा तिथे एक दात पडला, माझी तिथे कंबर गेली.

आता उतरलेल्या वस्तूबद्दल. मी कपडा कधी उजव्या बाजूनं पारखत नाही. आधी उलटा करते, आतली शिवण बघते. शेगडीचंही तेच केलं. वकीलिणीला म्हटलं, भिंतीपासून ओढा, मला पाठ बघायची आहे. मागच्या स्क्रूंची तोंडं झिजलेली असली म्हणजे कुणीतरी आत हात घालून बसलेलं असतं. एकाही स्क्रूला ओरखडा नव्हता. सहाही बर्नर पेटवले, ज्योत निळी. ओव्हनच्या दारात कापडाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढली, सुटेना, म्हणजे रबर घट्ट आहे. मग आत पांढरा कागद ठेवून ओव्हन तापवला. चारी कोपरे सारखे तांबूस झाले. एक दोन दारांचा फ्रीज ती माझ्या गळ्यात मारत होती, त्याच्या दारातून पट्टी सुळकन बाहेर आली, तो नापास केला. वकीलीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, नवरा असाच पारखून घेतला होतात का?" म्हटलं, तेव्हा पाठ बघू दिली नाही कुणी.

मग गळ्यातला टेप काढला, शेगडीची मापं घेतली, वहीत लिहिली. गवंड्याला तीच दिली आहेत. नवा ओटा दोन तुकड्यांत, मध्ये शेगडीची जागा. माझ्या कोपराखाली चार बोटं येईल एवढा उंच. काळा दगड निवडला आहे, त्यात कुणाचा चेहरा दिसत नाही.

एक विचारू? तुम्ही म्हणजे दिवसातून सहा वेळा चहा पिणारी बाई. ओटीवर पाहुणा बसायच्या आत आधण ठेवायचात. हा सात आणि चारचा हिशोब कुणी बसवला, तुम्ही की त्यांनी?

शिडी

६ मार्च

शिडे,

माझ्या चहाची चौकशी नको. वयानुसार कमी केला, एवढंच. डॉक्टरही तेच म्हणतात.

तुझं ते पाठीचं वाक्य वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. सून धावत आली, काय झालं म्हणून. तिला काय सांगणार? म्हटलं, खोकला.

अकरा घावांचं मात्र वाचून बरं वाटलं. म्हणजे आईचा ओटा सहजासहजी गेला नाही.

ओव्हनचं दार खाली उघडतं की बाजूला? सहज विचारते. तू या घरात यायच्या आधी मी पाव भाजायची. पत्र्याच्या डब्यात, वर झाकणावर निखारे ठेवून. खालून करपायचा, वरून कच्चा राहायचा, आणि तुझा नवरा तसाच खायचा, कडेकडेनं कुरतडून. एकदा तरी सगळीकडून सारखा भाजला जावा अशी फार इच्छा होती तेव्हा. कागदाचे चारी कोपरे सारखे तांबूस झाले म्हणतेस?

असो. मी अजूनही तुझ्या विरोधातच आहे.

वन्सं

२० मार्च

वन्सं,

दार खाली उघडतं.

बाकी बातमी वाईट आहे. मंगळवारी शेगडी आली. चार हमाल, वकीलीण स्वतः पुढे, दरवाजाची एक फळी काढावी लागली, शेजारची सगळी दारं उघडी. आत आणली, दोन ओट्यांच्या मध्ये सरकवायला घेतली आणि खट्कन अडली. हमाल म्हणाले, तिरकी आहे. सरळ केली, तरी अडली. शेवटी गवंड्यानं आपला पोलादी टेप काढला. शेगडी छत्तीस इंच. मधली जागा सव्वापस्तीस. त्यानं माझी वही मागितली. वहीत माझ्या अक्षरात शेगडी पस्तीस इंच, आणि वर सरकायला पाव इंच मोकळी. म्हणजे पाऊण इंच कमी.

त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली. बोलला असता तर भांडले तरी असते.

मी पुन्हा माप घ्यायला टेप हातात घेतला नाही. चाळीस वर्षांत माझं एक माप चुकलं नाही, हे मी ज्याला त्याला ऐकवत आले. डोळ्यांनी माणूस बघून छाती-कंबर सांगायची मी. आणि समोर ठेवलेल्या, न हलणाऱ्या, श्वासही न घेणाऱ्या शेगडीचं माप मला घेता आलं नाही.

ती आता स्वयंपाकघराच्या मधोमध उभी आहे. नळापर्यंत जायचं तर तिला वळसा घालते. विजेच्या किटलीत चहा करते आणि त्यातच अंडी उकडते.

वन्सं, मला भीती वाटते आहे. हे तुम्हालाच लिहिते. मागच्या महिन्यात मी चष्मा फ्रीजवर ठेवला आणि घरभर शोधला. परवा दुकानदाराला तेच पैसे दोनदा द्यायला निघाले. हे असंच सुरू होतं का? माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. तिचा हात शेवटी आम्हाला धरून ठेवावा लागायचा. मुलाला यातलं अवाक्षर सांगू नका. मला तिकडे न्यायला त्याला एवढंच निमित्त हवं आहे.

शिडी

२९ मार्च

अगं शिडे,

होतं असं वयानं. तू उगीच जिवाला लावून घेतेस. सगळ्यांनाच कधी ना कधी थांबावं लागतं, त्यात कमीपणा नाही.

जरा विश्रांती घे. दगड फोडायची, जोडायची घाई करू नकोस. आहे तसं राहू दे. महिन्याभरात सगळं मार्गी लागेल, माझं मन सांगतं.

माझे गुडघे दुखताहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

वन्सं

९ एप्रिल

वन्सं,

रविवारी तुमचा भाचा आला होता. बरोबर एक गृहस्थ. त्यांच्या हातात एक छोटं यंत्र, ते भिंतीकडे धरलं की लाल ठिपका पडतो आणि आकडा उमटतो. घर बघायला आलेत, मुलगा म्हणाला. जणू मी दाराबाहेर पाटी लावली होती.

मी म्हटलं, घर विकायचं नाही. त्यावर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, ते पाऊण इंचाचं मला कळलंय." पाऊण इंच हमाल, वकीलीण, गवंडी, मी आणि तुम्ही, एवढ्यांनाच ठाऊक होतं. त्यातल्या बाकी कुणाला माझ्या मुलाचं नावसुद्धा माहीत नाही. मग त्यानं खिशातून कागद काढला. घर विकायचं संमतीपत्र. खाली तुमची सही, शेवटी शेपूट ओढलेली.

तुम्हाला लिहिताना मी दार लावून लिहीत होते, वन्सं. माझी भीती मी नवऱ्याला कधी दाखवली नाही, ती तुम्हाला दाखवली. आणि तुम्ही ती उचलून त्याच्या हातात दिलीत.

आता पुढचं ऐका, कारण हेही तुम्हाला कळायलाच हवं. तो गृहस्थ खोलीखोलीतून आकडे मोठ्यानं वाचत होता. स्वयंपाकघराची खिडकी, साडेएकोणपन्नास इंच. मी म्हटलं, अठ्ठेचाळीस. त्या खिडकीचे पडदे मी तीस वर्षं शिवते आहे. त्यानं पुन्हा यंत्र धरलं, पुन्हा साडेएकोणपन्नास. मुलगा हळूच म्हणाला, "पुन्हा तेच, आई." म्हणजे त्या माणसाला ऐकू जाईल इतकंच हळू.

ते गेले. मी बसून राहिले. मग मनात आलं, की खिडकीचं माप मी काल नाही घेतलेलं, वर्षानुवर्षं घेते आहे. मी आज चुकत असेन, पण तीस वर्षं चुकत होते? मग पडदे बसत कसे होते? उठले, गवंड्याकडून पोलादी टेप मागून आणला आणि माझ्या कापडी टेपाशेजारी जमिनीवर पसरला. त्याचा छत्तीस जिथे आला, तिथे माझा पस्तीस दाखवत होता.

टेप ताणला गेला आहे. बत्तीस वर्षं गळ्यात आहे तो. ह्याच टेपनं अंगाचं माप घ्यायचं आणि ह्याच टेपनं कापड बेतायचं. दोन्हीकडे चूक सारखी, म्हणून कपडे बिनचूक बसत राहिले आणि माझ्या कधी लक्षातच आलं नाही. दुसऱ्याच्या टेपाशी गाठ पडली तेव्हा ती बाहेर आली.

माझं डोकं ठिकाणावर आहे. पाऊण इंच कळवायची तुम्हाला घाई झाली होती, तर आता हेही कळवा. यापुढे पत्र नको.

२० एप्रिल

शिडे,

नको म्हणालीस तरी लिहिते. फाडायचं असेल तर वाचून फाड.

हो, मी सांगितलं. तुझं ते पाऊण इंचाचं पत्र आलं त्याच आठवड्यात तुझा मुलगा इकडे आला होता. मी त्याला सांगितलं, आणि त्यानं कागद टेबलावर ठेवून पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. तुझ्या भल्यासाठी सही केली असं लिहिणार होते. तसे तीन कागद लिहून फाडले. खरं असं आहे, की मला तुझा हेवा वाटला.

आता माझ्या चहाचं ऐक. गेल्या वर्षी मी दूध तापत ठेवलं आणि खिडकीत उभी राहून शेजारणीशी बोलत बसले. दूध आटलं, भांडं जळलं, भिंत काळी झाली. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी मुलानं गॅसची बटणं काढली. ती ओढली की हातात येतात, माहितीय तुला? रोज सकाळी सून ती चार बटणं पर्समध्ये टाकून कामावर घेऊन जाते. दिवसभर शेगडीला नुसत्या खुंट्या. सातचा चहा ती करते, बाराचं ताट झाकून ठेवून जाते. चारचा चहा म्हणजे तोच, थर्मासमधला. बसल्या जागी मिळतो म्हणून तुला लिहिलं ते खोटं नव्हतं.

ते दोघं वाईट नाहीत गं. ओरडले असते, टाकून बोलले असते तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. ते इतक्या प्रेमानं बटणं काढतात की भांडायला तोंडच उरत नाही. मी गप्प बसले. कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. लाज वाटली.

आणि तिकडे तू हातोडा उचललास. प्रत्येक पत्राला वाटायचं, आता ही हात टेकेल. तू हात टेकले असतेस तर मी शहाणी ठरले असते. तू तडीस नेलंस तर मी वर्षभर गप्प कशाला बसले, ह्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. म्हणून सही केली. गुडघे दुखत नव्हते माझे.

तुझी चूक टेपाची निघाली. माझी तशी निघणार नाही, शिडे. मी खरंच विसरले होते. सत्तर वर्षांत एकदा दूध विसरले. मग काय झालं? माझा भाऊ दर आठवड्याला नळ उघडा टाकून कामाला जायचा, त्याचे हात कुणी काढून ठेवले नाहीत. माझ्या मुलानं गाडी दोनदा ठोकली, त्याची किल्ली कुणी पर्समध्ये घालून नेत नाही. चुकीचं माप घेतलं नाही म्हणून तू घरात राहायची आणि चुकले म्हणून मी बसून राहायची, हे मला मान्य नाही. चुकणाऱ्या बाईलाही शेगडी लागते.

सोमवारी तुझ्या मुलाला पत्र पाठवलं, पोचपावतीसह. संमती मागे घेतली आहे. माझा अर्धा हिस्सा विकायचा नाही. प्रत सोबत जोडली आहे, सही तपासून घे, शेपटासह.

त्याच दिवशी जेवताना घरात सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, शांत हो." मी शांतच होते. सुनेपुढे हात केला, म्हटलं, बटणं दे. तिनं नवऱ्याकडे बघितलं. म्हटलं, त्याच्याकडे काय बघतेस, पर्स तुझी आहे. तिनं दिली. मी चारही बसवली आणि सगळ्यांच्या देखत चहा केला. एक कप. कुणाला विचारलं नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू भिडेखातर देशील आणि मला लगेच बरं वाटेल. इतक्यात बरं वाटायला नको मला.

वन्सं

२८ एप्रिल

वन्सं,

माफ केलेलं नाही. पत्र चार वेळा वाचलं, चारही वेळा राग आला, आणि चारही वेळा त्या पर्समधल्या बटणांपाशी येऊन मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

शेगडी बसली. गवंड्यानं एका बाजूचा दगड इंचभर कापला. काळ्या दगडाची कड वेडीवाकडी निघाली, जागोजागी टवके उडाले. पट्टी लावून झाकतो म्हणाला. म्हटलं, असू दे, माझी चूक आहे, मला दिसली तरी चालेल. पोलादी टेप विकत घेतला. जुनाही आहे, पण त्याच्यावर आता विश्वास नाही आणि तो टाकवतही नाही.

पहिल्या दिवशी सहाही बर्नर एकदम पेटवले. वर काहीच नव्हतं. नुसती बघत उभी राहिले, पाठ सरळ ठेवून. मग पाच बंद केले आणि बटाटे उकडले.

अर्धं घर तुमचं आहे ते तुम्ही कागदावरच ठेवून बसला आहात. इकडे या. पाहुणी म्हणून नको, आठ दिवस जाऊन येते असं सांगून नको. मागची खोली तुमची होती, तिच्यात माझी कापडं आहेत, ती मी हलवते. तुमच्या मुलाशी भांडून या असं नाही म्हणत, पण बॅग स्वतः भरा.

एक अट. विसरलात तर मी ओरडणार. मी विसरले तर तुम्ही ओरडा. दोघीही विसरलो तर भांडं जळेल. वकीलिणीकडे भांडी ढिगानं आहेत.

शिडी

१९ मे

चिरंजीवास,

हे पत्र आम्ही दोघी मिळून लिहितो आहोत. अक्षर आत्याचं, मजकूर दोघींचा, खाडाखोड आईची.

आत्या इथे राहायला आल्याला दहा दिवस झाले. तिच्या मुलालाही असंच एक पत्र गेलं आहे. तिथून फोन येतात, ती स्वतः उचलते. आमचं रोज एकदा तरी कडाक्याचं भांडण होतं. पहिला पाव तिनं खालून करपवला, दुसरा बरा झाला. परवा आईनं दूध उतू घालवलं, पुसून काढलं. हे तुला दुसरीकडून कळण्याआधी आम्हीच सांगतो आहोत.

घर विकायचं नाही. कागदावर दोन नावं आहेत आणि दोन्ही नावं या क्षणी स्वयंपाकघरात उभी आहेत. तुझ्या घरी आईसाठी ठेवलेली खोली तू वापरायला घे.

तुला आमची काळजी वाटते हे आम्हाला कळतं. ती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. वाटली की जिची वाटेल तिलाच विचार. एकीची चौकशी दुसरीकडे करायची नाही. आम्ही म्हाताऱ्या होणार आहोत, विसरणार आहोत, एखादी पडेलही. तेव्हा आपण तिघं बसू, आणि आमच्या देखत, आमच्याशी बोलून काय ते ठरेल. आमच्या पाठीमागे काढलेल्या कागदावर यापुढे दोघींपैकी कुणीही सही करणार नाही.

शेवटचं. या घराची एक किल्ली तुझ्याकडे आहे. मागच्या खेपेला तीच लावून तू त्या परक्या माणसाला आत घेऊन आलास. आई ओल्या केसांनी न्हाणीघरातून बाहेर येत होती. तिनं हे तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, आत्यालाही कालच सांगितलं. पुढच्या वेळी येशील तेव्हा ती किल्ली घेऊन ये आणि टेबलावर ठेव.

जेवायला कधीही ये. बेल वाजव. दोघींपैकी जी मोकळी असेल ती दार उघडेल.

आई
आत्या